पाण्याखालचा हातातला मेटल डिटेक्टर: बरेच महिने वापरल्यावर, आणि मुख्य म्हणजे त्याची बॅटरीची टोपी

हातात धरायचा पल्स इंडक्शन (चुंबकीय झटके सोडून धातू ओळखणारा) डिटेक्टर आहे, ६० मीटरपर्यंत चालतो असं खोक्यावर छापलंय, बाकी स्पेक्स तुम्हाला माहितीच असतील. मी आज लिहायला बसलेय ते सर्व्हिसवाल्यांमुळे. बॅटरीच्या कप्प्यात पाणी शिरलं, वॉरंटी शिल्लक होती म्हणून मशीन पाठवलं, तर उत्तर काय, 'आत पाणी गेल्याच्या खुणा आहेत, सबब वॉरंटी लागू नाही'. अहो पाण्याखाली वापरायचं मशीन आहे, आत पाणी जाऊ नये याचेच तर पैसे घेतलेत ना तुम्ही! मी भांडले. मग म्हणाले ठरलेल्या खोलीच्या खाली नेलं असेल. मी डाइव्ह कॉम्प्युटरचा (मनगटावरचं, खोली आणि वेळ नोंदणारं यंत्र) सगळा लॉग काढून पाठवला, १० मीटरच्या खाली एकदाही गेलेले नाही.

आणि मुळात खोली हे कारणच चुकीचं आहे. दर १० मीटरला एक बार दाब वाढतो आणि तो दाब ओ-रिंगला (टोपीची पाणी अडवणारी रबरी कडी) तिच्या खाचेत आणखी घट्ट बसवतो. उथळ पाण्यात तेवढा दाब नसतो, त्यामुळे टोपी जराशी सैल किंवा रिंगवर वाळूचा एक कण असला तर गळती तिथेच सुरू होते. अंडरवॉटर कॅमेऱ्याच्या हाऊसिंगचंही हेच असतं. या टोपीला एकच रिंग दिलीय आणि चार्जिंगसाठी दर वेळी ती टोपी उघडावी लागते, म्हणजे सील रोज मोडायचं आणि रोज नव्याने बसवायचं. एवढ्या महाग वस्तूला दुसरी रिंग द्यायला काय जात होतं? हे सगळं लिहून पाठवल्यावर, बरीच ईमेलबाजी होऊन, शेवटी मशीन बदलून मिळालं. डाइव्ह लॉग जपून ठेवा, मला त्यानेच वाचवलं.

आता मशीनबद्दल. मी लोकांच्या हरवलेल्या वस्तू शोधते, अंगठ्या, चाव्या, वेट बेल्ट (डायव्हरचे वजनांचे पट्टे), बोटीवरून निसटलेले कॅमेरे. बुडालेला खजिना शोधायला कुणी हे घेत असेल तर घेऊ नका. १६२२ मध्ये बुडालेल्या आतोचा या स्पॅनिश खजिन्याच्या जहाजाच्या मागे मेल फिशर हा अमेरिकन खजिनाशोधक १९६९ पासून होता, मुख्य साठा हाती लागला १९८५ साली, आणि तळाची वाळू उडवायला त्याच्याकडे बोटीच्या पंख्याचा झोत खाली वळवणारे अजस्र पाइप होते. शिवाय १०० वर्षांहून जुनं जे पाण्याखाली आहे ते वारसा म्हणून जपायचं असं युनेस्कोचा २००१ चा करार सांगतो आणि मला ते मनापासून पटतं. जुन्या जहाजावरचं नाणं खिशात घालणारे डायव्हर मला आवडत नाहीत.

पल्स इंडक्शनचा फायदा खाऱ्या पाण्यात कळतो. साध्या सिंगल फ्रिक्वेन्सी मशीनला खारं पाणी आणि ओली वाळूच धातूसारखी भासते आणि ते उगाच ओरडत राहतं, हे गप्प राहतं. पण लोखंड आणि सोनं यातला फरक हे सांगत नाही, गळ, खिळा, बाटलीचं झाकण, सगळ्याला हातात तीच थरथर. त्यावर माझा उपाय असा की मासेमारीची शिशाची वजनं सापडायला लागली की तिथून हलायचं नाही. शिसं पाण्याच्या ११ पट जड, शुद्ध सोनं १९ पट, लाटांनी वाळू हलली की दोन्ही खाली खाली जाऊन कडक थरावर थांबतात, बरेचदा एकाच खळग्यात. बारीक साखळीची मात्र आशा ठेवू नका, तिची प्रत्येक कडी मशीनला सुटी, इवलीशी वाटते, लागलं तर लॉकेट लागतं.

रेंजबद्दल माझं मत मधेच बदललं. अंगठी फार तर वीतभर अंतरावरून कळते, सुरुवातीला मला हे भिकार वाटलं होतं आणि मी परत करायच्या विचारात होते. मग एका तलावात लग्नातली अंगठी शोधायला गेले. मधे खुंटी, तिला रीलची दोरी, गोल गोल फिरत दर फेरीला दोरी थोडी वाढवायची, नेहमीचं. तळाला मऊ काळा गाळ, फिनचा (पायातल्या रबरी वल्ह्याचा) एक फटका की व्हिजिबिलिटी शून्य. प्रोब (मशीनचं धातू शोधणारं टोक) गाळात खुपसला तर टोकाशी थरथर तुटक, जरा डावीकडे नेला तर सलग. तळहाताने पाणी हलकेच ढकललं, सगळं काळं झालं, टॉर्चचा उजेडही दिसेना, चाचपडताना करंगळीचं टोक कशाच्या तरी आत गेलं. मी ती अंगठी ओढून काढलीच नाही, तशीच पेरापर्यंत सरकवली आणि मूठ मिटून वर आले. मोठ्या कॉइलच्या (धातू शोधणाऱ्या तारेच्या वेटोळ्याच्या) मशीनने 'इथे कुठेतरी' एवढंच सांगितलं असतं आणि त्या ढगात मी अर्धा टँक संपवला असता. तेव्हापासून या रेंजबद्दल तक्रार नाही.

व्हायब्रेशनचंही तसंच. आधी मी आवाजाच्याच मोडवर असायचे, पण बडीकडेही (डाइव्हमधल्या जोडीदाराकडेही) डिटेक्टर असला की गोंधळ होतो, पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने येतो, दोन्ही कानांना जवळपास एकदमच, त्यामुळे बीप माझी की त्याची हे कळत नाही. थरथर आपल्याच हाताला लागते. आणि दोन मशीन फार जवळ आणू नका, एकमेकांना बिघडवतात. डाइव्ह कॉम्प्युटर दुसऱ्या मनगटावर बांधा, नाहीतर प्रोब त्यालाच शोधत बसतो. लाइन कटर हवाच, जिथे शिशाची वजनं तिथे तुटलेली मासेमारीची दोरीही असते. खाली मान घालून उकरताना गेजकडे (टँकमधली हवा दाखवणाऱ्या मापकाकडे) लक्ष राहत नाही, ते बडीने बघायचं हे आधी ठरवून घ्या.

बदलून आलेल्या मशीनलाही तीच एका रिंगची टोपी आहे. आता मी दर चार्जिंगनंतर रिंग काढून गोड्या पाण्याने धुते, टॉर्चखाली बघते, सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवते, आणि पहिल्या दोन मीटरवर थांबून टोपीकडे बुडबुडे दिसतात का ते बघूनच खाली जाते. विकत घेणार असाल तर न उघडता बाहेरून चार्ज होणारं मॉडेल बघा, थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. हेच घेणार असाल तर जादा ओ-रिंगा मशीनबरोबरच मागवा, मला नंतर वेगळ्या मिळायला फार वाट बघावी लागली.