नव्या पंप-ॲक्शन शॉटगनमधून पुंगळी बाहेर का पडत नाही: एक परीक्षण

ट्रॅप नेमबाजीसाठी, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या टिपण्याच्या खेळासाठी, घेतलेल्या बारा गेजच्या (गेज म्हणजे नळीच्या व्यासाचे माप) पंप-ॲक्शन, म्हणजे नळीखालची पकड हाताने मागेपुढे ओढून चालवायच्या, शॉटगनबद्दल माझे मत एकंदरीत चांगले आहे. मात्र पेटीतून बाहेर काढली तेव्हा ती मैदानावर नेण्याजोगी झालेली नव्हती, हे आधीच नोंदवायला हवे. अमेरिकेत सामान्य खरेदीदाराला परवडेल अशा किमतीच्या, २८ इंची नळीच्या आणि तीन इंची चेंबरच्या (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसण्याची जागा) या बंदुकीने पहिल्याच सरावात झाडलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या अडवून धरल्या. उत्पादकाचे नाव मी देत नाही, कारण एका नगावरून सगळ्या कारखान्याची पारख करणे योग्य ठरणार नाही. दोष कसा ओळखावा, हे मात्र सविस्तर सांगण्यासारखे आहे.

ट्रॅपच्या साध्या फेरीत एका वेळी एकच तबकडी उडते आणि बंदुकीत एकच काडतूस भरायचे असते, त्यामुळे पुंगळी अडली तरी खोळंबा थोडाच होतो. डबल्समध्ये दोन तबकड्या एकदमच सुटतात. पहिल्या बारानंतर पुंगळी पूर्ण बाहेर पडून दुसरे काडतूस चेंबरमध्ये बसले नाही, तर दुसरी तबकडी हातची गेलीच. पंप बंदुकीची सारी उपयुक्तता या एका हालचालीवर अवलंबून आहे.

ही हालचाल नीट समजून घेतल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नये. बार उडताच दाबामुळे पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि दाब ओसरला की किंचित आकसते. फोरएंड, म्हणजे नळीखालची सरकती पकड, मागे ओढल्यावर बोल्टवरचा (चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या ठोकळ्यावरचा) एक्स्ट्रॅक्टर आपल्या आकड्याने पुंगळीच्या बुडाची कड पकडून तिला चेंबरबाहेर खेचतो, आणि बोल्ट अगदी मागे पोहोचत असताना रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या पेटीच्या) डाव्या भिंतीवरचा इजेक्टर त्याच कडेच्या दुसऱ्या बाजूला आपटून तिला उजवीकडच्या खिडकीतून भिरकावतो. म्हणजे ही दोन वेगळी कामे दोन वेगळे भाग करतात, पण ज्याच्या हातात बंदूक अडते तो सरसकट ‘इजेक्टर खराब’ असे म्हणून मोकळा होतो. माझ्या पाहण्यात आलेल्या अशा तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींत इजेक्टरचा काही संबंध नव्हता.

पुंगळी कुठे अडकली आहे, हे पाहणे हीच खरी परीक्षा. बार उडाल्यानंतरही फोरएंड जागचा हलत नसेल, तर पुंगळी चेंबरमध्ये घट्ट बसलेली असते. फोरएंड मोकळा मागे आला पण पुंगळी चेंबरमध्येच राहिली, तर एक्स्ट्रॅक्टरची पकड सुटली आहे: त्याची स्प्रिंग कमकुवत असेल, आकडा झिजला किंवा तुटला असेल, किंवा त्याच्या खाचेत कारखान्यातले घट्ट ग्रीस साचले असेल. पुंगळी चेंबरबाहेर येऊन खिडकीत आडवी राहिली, तरच इजेक्टरकडे पाहावे. आणि तिथेही आधी आपला हात तपासावा, कारण फोरएंड शेवटपर्यंत मागे ओढला नाही तर पुंगळी इजेक्टरपर्यंत पोहोचतच नाही. पंप बंदुकीत हा वेग आणि जोर नेमबाजाच्या हातातूनच यावा लागतो. हळुवारपणे हाताळल्यास उत्तम बंदूकही अडते. चाप न ओढता फोरएंड हलत नसेल, तर मात्र तो दोषच नव्हे. त्यासाठी चापाजवळची खटकी दाबावी लागते.

माझ्या बंदुकीचे लक्षण पहिल्या प्रकारचे होते, आणि ते ठरावीक काडतुसांपुरतेच होते. बुडाला पितळी टोपी असलेली काडतुसे सहज निघत होती, तर स्वस्तातली, पोलादी टोपीची काडतुसे हिसका दिल्याशिवाय हलत नव्हती. पितळ दाब ओसरताच चांगले आकसते, पोलाद तितके आकसत नाही. आणि चेंबरच्या आत यंत्रकामाचे ओरखडे राहिलेले असतील तर कमी आकसलेली पुंगळी त्यांना धरून बसते. नळी काढून चेंबरमध्ये बारीक विजेरीचा प्रकाश टाकला तेव्हा कड्यांसारख्या गोल रेषा स्पष्ट दिसल्या. नळीच्या बाहेरून इतकी सुबक निळसर झिलई देणाऱ्या कारखान्याने आतला हा बोटभर भाग तसाच सोडावा, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण बंदुकीचे काम तिथेच चालते.

उपाय दोन टप्प्यांत केला. प्रथम विद्रावकाने चेंबर, बोल्ट आणि एक्स्ट्रॅक्टरची खाच धुऊन काढली. नव्या बंदुकीला गंजरोधक तेलाचा जो थर दिलेला असतो तो वंगण नसतो, आणि थंडीत तर तो अधिकच घट्ट होतो. याने थोडा फरक पडला. नंतर जुन्या ब्रशवर सर्वांत बारीक, म्हणजे चार शून्यांचे स्टील वूल गुंडाळून, तेल लावून, ड्रिलच्या मंद गतीवर फक्त चेंबर घासून घेतले. सँडपेपर मुळीच वापरू नये. चेंबरचे माप वाढले तर ते भरून काढता येत नाही. वॉरंटी जपायची असेल तर हे काम कंपनीवरच सोपवावे. अमेरिकेत मालकाला आपली बंदूक दुरुस्तीसाठी थेट उत्पादकाकडे पाठवता येते आणि ती थेट परतही येते. घासल्यानंतर तीच पोलादी टोपीची काडतुसे विनातक्रार निघू लागली आणि डबल्सच्या फेऱ्या सुरळीत पार पडल्या.

अडकलेल्या पुंगळीशी झटापट करताना नळीचे तोंड कायम मैदानाच्या दिशेलाच असावे. दस्ता जमिनीवर आपटून बोल्ट उघडण्याची रीत अनेकजण वापरतात, ती सोडून द्यावी, विशेषतः काडतूस उडाले आहे की नाही याची खात्री नसताना. चाप ओढूनही बार झाला नाही तर निदान अर्धा मिनिट थांबावे, आणि बार नेहमीपेक्षा फुसका वाटला तर नळीत काही अडकले आहे का ते पाहिल्याखेरीज पुढचे काडतूस भरू नये. काडतुसावरची लांबी ही उडाल्यानंतर तोंड उलगडलेल्या पुंगळीची असते; म्हणून पावणेतीन इंची चेंबरमध्ये तीन इंची काडतूस बसते खरे, पण उलगडायला जागा न मिळाल्याने दाब धोकादायक वाढतो आणि पुंगळीही अडकते.

खरेदीपूर्वी वेगवेगळ्या पंप बंदुकांच्या रचनेतला फरक लक्षात घ्यावा. १९५० पासून चालत आलेल्या रेमिंग्टन ८७० मध्ये इजेक्टर रिसीव्हरला रिव्हेटने पक्का केलेला असतो, तो बदलणे कारागिराचे काम. मॉसबर्ग ५०० मध्ये तो एका स्क्रूवर बसतो आणि घरी बदलता येतो, शिवाय तिच्या बोल्टवर दोन एक्स्ट्रॅक्टर असतात. इथाका ३७ आणि ब्राउनिंग बीपीएस पुंगळी खालून टाकतात, हे डावखुऱ्यांना विशेष सोयीचे. अमेरिकेत एच-१बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावरील मराठी मंडळींना मोजके अपवाद, उदाहरणार्थ वैध शिकार-परवाना, वगळता संघीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. ग्रीन कार्डधारकांना ही आडकाठी नाही. दुकानात पैसे देण्याआधी नळी उतरवून चेंबर विजेरीच्या उजेडात दाखवायला सांगावे आणि सरावाची नकली काडतुसे भरून, फोरएंड पूर्ण जोराने ओढून, ती प्रत्येक वेळी बाहेर फेकली जातात का ते स्वतः पाहावे. चांगला दुकानदार याला हरकत घेत नाही.