बालीच्या जुन्या छायाचित्रांचे ऑनलाइन संग्रह : आठ महिन्यांच्या वापरानंतर

नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह आणि विकिमीडिया कॉमन्सवर असलेले ॲमस्टरडॅमच्या ट्रोपेनम्युझियमचे (आताचे वेरेल्डम्युझियम) फोटो, दोन्ही आठ महिने नियमित वापरले. लेगाँग या बाली नृत्याचा पोशाख, मुकुट, गामेलान वाद्यवृंदाची मांडणी, बाजार, भातशेती पाहायची असेल तर याहून चांगला खजिना नाही. नृत्याची चाल शिकायला मात्र तो अपुरा आहे.

आधी शोधाविषयी, कारण बहुतेक जण इथेच अडतात. नोंदी डच आहेत आणि स्थळनामे जुन्या वर्तनीत. रोमन लिपीत ‘उ’साठी ओ-ई, ‘च’साठी टी-जे, ‘ज’साठी डी-जे आणि ‘य’साठी नुसता जे. बुलेलेंग, क्लुंगकुंग ही नावे आजच्या वर्तनीत टाकली तर निम्मे फोटो हाती लागत नाहीत. दोन्ही वर्तनींनी शोधावे.

कृष्णधवल फोटोवरून रंगाचा अंदाज बांधताना हमखास चूक होते. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक काचपट्ट्यांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल कापड काळे उमटते, निळे फिकट पडते. लेगाँगच्या तिघींपैकी चोंदोंग, म्हणजे दासी, बहुधा लाल पोशाखात असते. फोटोत ती गडद दिसते म्हणून पोशाख काळा समजू नये. सोनेरी छापाचे प्रादा कापड उन्हात इतके चमकते की नक्षी पुसली जाते. तिथे मूळ मोठी प्रत उघडून कडेच्या घड्या पाहाव्यात, नक्षी तिथे शाबूत असते.

फोटो उलटा छापलेला आहे का, हे गामेलानमधल्या गांग्सा या धातूच्या पट्ट्यांच्या वाद्यावरून कळते. वादकाच्या डाव्या हाताला मोठी, खालच्या सुराची पट्टी असते. ती वादकाच्या उजव्या हाताला दिसली तर काचपट्टी उलटी ठेवून छापले आहे. हे तपासल्याशिवाय आगेम, म्हणजे नृत्यातली मूळ उभी मुद्रा, उजवी की डावी हे ठरवू नये. आगेममध्ये भार एका पायावर असतो आणि नितंब बाजूला काढलेला असतो. भरतनाट्यमच्या अरमंडीची, म्हणजे गुडघे दुमडलेल्या अर्ध्या बैठकीची सवय असलेल्या डोळ्याला ती चुकीची वाटते, पण ती तशीच हवी.

बहुतेक नृत्यचित्रे भर दुपारी, थांबवून काढलेली आहेत. रात्रीच्या दिव्यांत त्या पट्ट्यांवर काही उमटले नसते. त्यामुळे सेलेदेत, डोळ्यांचा तो झटका, त्यांत सापडणार नाही. अपवाद मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसन आणि मार्गारेट मीड यांच्या कामाचा. १९३६ ते १९३९ या काळात त्यांनी लायका कॅमेऱ्याने सुमारे २५,००० फोटो काढले, तेही सलग मालिकेत. गुरू शिष्याच्या मागे उभा राहून त्याचे हात स्वतःच्या हातांनी वळवतो, हे त्यांत पायरीपायरीने दिसते. नृत्य शिकणाऱ्याने आधी हेच शोधावेत.

नोंदीतल्या तारखांवर डोळे झाकून विश्वास नको. केब्यार दुदुक, बसून करायचे नृत्य, नर्तक इ केतुत मारिया ऊर्फ मारिओ यांनी १९२५ च्या सुमारास घडवले. ते दिसत असूनही तारीख ‘१९१०’ असेल तर ती चूक. देवळांच्या बाबतीत २१ जानेवारी १९१७ चा भूकंप उपयोगी पडतो. गोपुर अखंड आहे की ढासळलेले, यावरून आधीचा की नंतरचा याचा अंदाज येतो.

रोजच्या जीवनाचे फोटो मला नृत्याच्या फोटोंपेक्षा जास्त मोलाचे वाटतात. झुंजीच्या कोंबड्यांचे बांबूचे पिंजरे, डोक्यावर रचलेली फळांची पूजापात्रे, मुसळाने भात कांडणाऱ्या बायका. उघड्या अंगाच्या स्त्रियांचे फोटो पुष्कळ आहेत. तो तेव्हाचा साधा पेहराव होता, पण पर्यटकांना विकायला तेच निवडून छापले गेले. बालीतल्या बांग्लीचे डॉक्टर ग्रेगोर क्राउझ यांनी १९१२ पासून काढलेले फोटो पाहतानाही ही निवड लक्षात ठेवावी, आणि असे चित्र संदर्भाशिवाय समाजमाध्यमांवर टाकू नये.

छपाईसाठी : कॉमन्सवरच्या बऱ्याच प्रती जेमतेम ७०० पिक्सेल रुंद आहेत. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) त्या सुमारे ६ सेंटिमीटरच भरतात, ए-४ ला २,४८० पिक्सेल लागतात. भिंतीवर लावायचा फोटो असेल तर मोठी प्रत आधी शोधा. परवाना प्रत्येक पानावर तपासा, श्रेयनाम द्या आणि फाइलच्या नावातला टीएम क्रमांक जपून ठेवा. नाव बदलून साठवलेला फोटो पुन्हा शोधताना तोच कामी येतो.