पोर्ट दुरुस्तीला दिला, बोर्डच बदलून मिळाला

परभणी, हिंगोली, जालना अशा गावांहून गेमिंग कन्सोल दुरुस्तीसाठी छत्रपती संभाजीनगरला घेऊन जाणाऱ्या पालकांनी आणि मुलांनी सावध राहावे, म्हणून हा अनुभव लिहीत आहे. दुकानाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगापुढे आहे. शिवाय ही युक्ती त्या एकाच दुकानात चालत असेल, असे मला वाटत नाही.

आमच्याकडे पहिल्या पिढीचा, जाड बांध्याचा प्लेस्टेशन ४ आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस अवकाळी वादळात कॉलनीतल्या डीपीवर मोठा आवाज होऊन वीज गेली, आणि ती परत आल्यापासून कन्सोलवरचा पांढरा दिवा लागे, कंट्रोलर जोडला जाई, पण टीव्हीवर चित्र येत नसे. केबल बदलली, टीव्ही बदलला, तरी फरक पडला नाही. सेफ मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठीच्या मूलभूत अवस्थेत, हे यंत्र कमी रिझोल्यूशनचे चित्र पाठवते, त्यामुळे निव्वळ सेटिंगचा घोळ असेल तर तिथे तरी पडदा दिसायला हवा. तोही काळाच राहिला. म्हणजे दोष टीव्हीची केबल जिथे खोचतो त्या एचडीएमआय पोर्टचा, नाही तर त्या पोर्टमागे बसवलेल्या, टीव्हीकडे चित्र पाठवणाऱ्या आयसीचा (चिपचा). केबलवाटे आलेल्या जादा दाबाने ही आयसी जळणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि हॉट एअर मशीन व सूक्ष्मदर्शक असलेला कसबी कारागीर ती बदलू शकतो. वॉरंटी कधीच संपलेली होती, म्हणून परभणीतल्या एका ओळखीच्या मोबाईलवाल्याने सुचवलेल्या, संभाजीनगरातल्या दुकानात यंत्र दिले.

“सर, पोर्ट गेलंय. आपलं रोजचंच काम आहे हे,” असे सांगून दुकानदाराने साडेतीन हजार रुपये सांगितले. पावती म्हणून मिळालेल्या चिठ्ठीवर माझे नाव, मोबाईल क्रमांक आणि ‘पीएस ४, डिस्प्ले नाही’ एवढेच होते. मी त्याच्यासमोर यंत्रावरचा अनुक्रमांक त्या चिठ्ठीवर लिहिला आणि त्याने त्यावर निमूटपणे सही केली. त्या सहीला त्याची हरकत का नव्हती, हे पुढे कळले: अनुक्रमांकाचे लेबल बाहेरच्या कवचावर असते, आणि कवच आम्हाला आमचेच परत मिळणार होते.

त्यानंतर नेहमीचे सुरू झाले. फोन केला की “करायलोय ना सर, पार्ट मुंबईहून यायचाय”. मग एक दिवस त्याचाच फोन आला की आयसीही गेली आहे, सहा हजार दोनशे होतील. पैसे त्याने एका खासगी व्यक्तीच्या नावावर यूपीआयने घेतले आणि बिल मागितल्यावर “बिल पाहिजे तर अठरा टक्के वेगळे पडतील” असे ऐकवले. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सेवा दिल्यावर बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरते, ही गोष्ट अशा दुकानदारांना ठाऊक नसते की ग्राहकाला ठाऊक नसेल असे ते धरून चालतात, कोण जाणे.

घरी आणल्यावर चित्र स्वच्छ आले, गेमची डिस्कही चालली; पण आत काहीच नव्हते. मुलाचे खाते, उतरवून घेतलेले गेम, दोन-तीन वर्षांत जमवलेले सेव्ह (गेममधल्या प्रगतीच्या नोंदी), सगळे गेले होते. विचारल्यावर दुकानदार म्हणाला, “आयसी बदलली की फॉरमॅट मारावंच लागतं, सर.” या लेखातली लक्षात ठेवण्याजोगी ओळ हीच आहे, कारण ती सपशेल खोटी आहे. एचडीएमआय पोर्ट किंवा त्याची आयसी यांचा हार्ड डिस्कशी कसलाही संबंध नाही. प्लेस्टेशन ४ मधली हार्ड डिस्क मात्र त्याच यंत्राच्या मदरबोर्डशी, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डाशी, कुलूप-किल्लीसारखी बांधलेली असते: तिच्यावरचा मजकूर सांकेतिक स्वरूपात असतो आणि तो उलगडण्याची किल्ली बोर्डावर असते. बोर्ड दुसरा बसवला की तीच डिस्क यंत्राला परकी होते आणि ती पुसून नव्याने सिस्टीम सॉफ्टवेअर टाकावेच लागते. दुरुस्ती चित्राची आणि पुसली गेली डिस्क, तर बोर्ड बदलला गेल्याचा संशय पहिल्या क्षणी घ्यावा.

आमचा संशय खरा ठरायला रात्रच लागली. मुलाने आपल्या खात्याने नेटवर्कवर प्रवेश करायचा प्रयत्न केला, तर हे यंत्र प्लेस्टेशन नेटवर्कवरून (कंपनीच्या ऑनलाइन सेवेवरून) कायमचे बंद केले आहे, असा संदेश आला. आम्ही असे काही केले नव्हते. खात्यावर नव्हे, तर यंत्रावर बंदी होती. दुसरी विचित्र गोष्ट मला त्याच वेळी जाणवली. मी राउटरमध्ये कन्सोलला रात्री नऊनंतर इंटरनेट मिळू नये अशी मर्यादा घालून ठेवली होती (अकरावीचे वर्ष आहे, दुसरा इलाज नव्हता), आणि घड्याळात दहा वाजून गेलेले असताना हा कन्सोल मजेत इंटरनेटवर होता. राउटर यंत्र ओळखतो ते मॅक ॲड्रेसवरून, म्हणजे प्रत्येक यंत्राला नेटवर्कसाठी दिलेल्या स्वतंत्र ओळख-क्रमांकावरून. कन्सोलच्या सेटिंगमधल्या सिस्टीम माहितीत दिसणारा बारा अंकाक्षरांचा मॅक ॲड्रेस आणि राउटरच्या जुन्या यादीत आमच्या कन्सोलपुढे नोंदलेला मॅक ॲड्रेस शेजारी शेजारी ठेवून पाहिले. दोन्ही वेगळे होते. हा पत्ता बोर्डाबरोबर येतो. कवच आमचे, डिस्क आमची, आणि बोर्ड कुणाच्या तरी बंदी घातलेल्या यंत्रातला.

नांदेडमधल्या एका कारागिराने आमच्यासमोर ते उघडले. मागच्या बाजूचे, मध्ये भोक असलेले ताऱ्याच्या आकाराचे स्क्रू निघाल्यावर त्याने पोर्टाभोवतीचे डाख भिंगाखाली दाखवले. ते एकसारखे, कारखान्यातलेच होते. ना कुठे फ्लक्सचा (डाख देताना लावायच्या रसायनाचा) तपकिरी डाग, ना जवळच्या बारीक सुट्या भागांना उष्णतेची झळ. म्हणजे पैसे ज्या कामाचे घेतले, ते काम या बोर्डावर कधी झालेलेच नव्हते. मग त्याने डिस्क ड्राइव्हखालचे छोटे सर्किट दाखवले. या पिढीच्या प्लेस्टेशन ४ मध्ये ते छोटे सर्किट आणि मदरबोर्ड यांची जोडी ठरलेली असते, नुसता मदरबोर्ड बदलला तर ड्राइव्ह गेमची डिस्क ओळखत नाही. आमच्या यंत्रात मदरबोर्डावर आणि त्या छोट्या सर्किटावर सारख्याच हिरव्या मार्करचा ठिपका होता. जोडी जुळवून ठेवणारा माणूस गफलतीने बोर्ड बदलत नसतो. तो नेमके काय करत आहे हे त्याला पुरते माहीत असते.

यात दुकानदाराचा फायदा काय, हा प्रश्न मलाही पडला होता. बंदी घातलेल्या यंत्राचे बोर्ड भंगारात स्वस्त मिळतात, कारण त्यांच्यावर ऑनलाइन खेळता येत नाही. ते ग्राहकाच्या कवचात बसवले की काही मिनिटांत चित्र येते, नाजूक सोल्डरिंग करावे लागत नाही. ग्राहकाचा, बंदी नसलेला बोर्ड हाती राहतो. त्याची आयसी सवडीने बदलून तो जुन्या कन्सोलमध्ये घालून चांगल्या भावाने विकता येतो. म्हणूनच सेकंडहँड प्लेस्टेशन ४ घेणाऱ्यांनी पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याच्या समोर आपल्या खात्याने नेटवर्कवर प्रवेश करून पाहावा. नुसता गेम चालतो हे पुरेसे नाही.

यंत्र चालू आहे तोवर त्याच्या सिस्टीम माहितीच्या पडद्याचा फोटो काढून ठेवा, कारण चित्र गेल्यावर मॅक ॲड्रेस बघायला पडदाच उरत नाही. राउटरची यादी हा मग एकच आधार. आणि प्लेस्टेशन ४ चित्रासाठी दुरुस्तीला द्यायचा असेल, तर हार्ड डिस्क घरी काढून ठेवा. जाड मॉडेलमध्ये वरच्या झाकणाचा चकचकीत भाग बाजूला सरकवला की खाली कंट्रोलरच्या बटणांवरच्या चिन्हांचा छाप असलेला एक मोठा स्क्रू दिसतो. तो काढला की डिस्क तिच्या चौकटीसह बाहेर येते. मालकाने ती स्वतः बदलावी अशीच ही रचना आहे. डिस्कशिवायही यंत्र टीव्हीवर ‘स्टोरेज सापडत नाही’ अशा अर्थाचा पडदा दाखवते, त्यामुळे पोर्ट दुरुस्त झाला की नाही हे तपासायला कारागिराला तुमची डिस्क मुळीच लागत नाही. यंत्र घ्यायला जाताना ती बरोबर न्या आणि काउंटरवरच बसवा. आपले खाते आणि सेव्ह जसेच्या तसे दिसले, तर बोर्ड आपला आहे. पुसण्याची परवानगी मागितली, तर पैसे देऊ नका. प्लेस्टेशन ५ मध्ये ही सोय नाही, कारण त्याचे मूळ स्टोरेज मदरबोर्डावरच पक्के केलेले असते.

आम्ही आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथून सांगूनही दुकानदाराने दाद दिली नाही, तेव्हा परभणीच्या जिल्हा आयोगात अर्ज केला. दुकान दुसऱ्या जिल्ह्यात असले तरी ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. सही केलेली चिठ्ठी, यूपीआयची नोंद, दोन मॅक ॲड्रेसचे फोटो आणि नांदेडच्या कारागिराचे सहीचे पत्र जोडले आहे. नोटीस पोहोचल्यावर दुकानदाराने पहिल्यांदाच स्वतःहून फोन केला आणि तक्रार मागे घेतल्यास साडेतीन हजार परत देतो म्हणाला. आम्ही पैशांऐवजी आमचा बोर्ड मागितला; तो कुठे आहे, हे सांगायला तो अजून तयार नाही.