'३० पट' भिंग, पाच महिन्यांनंतर

जूनमध्ये चौथीतल्या लेकीसाठी घडीचं भिंग ऑनलाइन मागवलं. पानांचे प्रकार घडाघडा पाठ, पण सोसायटीतलं एक झाड ओळखता येईना, म्हणून हा खटाटोप.

आधी तक्रार. खोक्यावर ठळक '३० पट' लिहिलंय, ते साफ खोटं. पान भिंगापासून साधारण अडीच सेंटिमीटरवर धरलं की स्पष्ट दिसतं. नुसत्या डोळ्यांनी आरामात स्पष्ट दिसण्याचं अंतर साधारण २५ सेंटिमीटर धरतात; त्या २५ ला अडीचने भागा, दहा पट! तीस पट असतं तर पान जेमतेम ८ मिलिमीटरवर आणावं लागलं असतं. भागाकार लेकीनेच केला. परत पाठवणार होते, पण पानांना दहा पट पुरतं.

वर्गवारी आकड्यांनी सुरू केली. जुन्या वहीत रकाने पाडले : एका पानात पर्णिका, म्हणजे एका देठावरची छोटी पानं, किती? लिंबू एक, बेल तीन, टाकळा तीन जोड्या. कढीपत्ता गेला कडुनिंबाशेजारी, कारण दोन्हीकडे पर्णिकांची लांब रांग. शिवाय आजी त्याला कढीनिंबच म्हणते.

एकदा पोह्यांच्या फोडणीआधी लेकीने कढीपत्ता खिडकीच्या उजेडासमोर धरून भिंगातून पाहिला. "आई, पानाला भोकं आहेत!" भोकं कसली, तेलाच्या ग्रंथी त्या, उजेड आरपार जाणाऱ्या. मग लिंबाचं पान पाहिलं, तेच ठिपके. श्रावणी सोमवारी आणलेल्या बेलातही तेच. कडुनिंबात मात्र शोधून सापडले नाहीत. लिंबू, बेल आणि कढीपत्ता एकाच कुळातले, हे मलाही त्या दिवशीच कळलं. मोजून तीन रकान्यांत गेलेले भाऊबंद! वही पुन्हा आखावी लागली, त्यावरून थोडी रडारडही झाली.

गेटजवळच्या सप्तपर्णीनेही असंच फसवलं. वीस झुबके मोजले, पाच-सहा पानांचेच जास्त. "मग नाव कोणी ठेवलं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

भिंगाचा दिवा दोन महिन्यांत गेला. बिजागरीचा स्क्रू ढिला झाला, तो नेलपेंटचा थेंब लावून बसवला. गळ्यात अडकवायला नाडी नाही, लोकर बांधलीय. मुलांना भिंगातून सूर्याकडे बघू देऊ नका, हे पहिल्याच दिवशी बजावा. पुन्हा घेईन, पण १० पट लिहिलेलंच.

सध्या सकाळी पारिजातकाचा सडा मोजणं चालू आहे. पाकळ्या कुठे पाच, कुठे सहा, सात, आठसुद्धा. या झाडाचा रकाना अजून रिकामाच आहे.