नेक्स्ट.जेएस स्वतःच्या सर्व्हरवर चालवताना

नेक्स्ट.जेएस म्हणजे रिॲक्टवर वेबसाइट बांधायचं फ्रेमवर्क. त्याचं लायसन्स एमआयटी, त्यामुळे ते कुठेही चालवायला कुणाला विचारावं लागत नाही. तरी व्हर्सेल या होस्टिंग कंपनीवरून हलायचं म्हटलं की टीमच्या पोटात गोळा येतो. २०१६ साली हे फ्रेमवर्क आणणारी कंपनी तीच, आणि तिथे कॅश (तयार पानं साठवून ठेवणं), इमेज लहान करणं वगैरे कामं न सांगता होतात. बाहेर पडलं की ती आपल्या अंगावर येतात.

कंटेनर (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेली पेटी) एकच असेल तर मात्र काळजी नाही. कॉन्फिगमध्ये आउटपुट 'स्टँडअलोन' करा, बिल्ड घ्या. गरजेपुरती नोड मॉड्यूल्स आणि सर्व्हरची फाइल तयार मिळते. फसगत होते ती 'पब्लिक' आणि 'स्टॅटिक' या फोल्डरांपाशी, कारण ती त्यात आपोआप येत नाहीत. डॉकरफाइलमध्ये, म्हणजे कंटेनर बनवायच्या कृतीत, कॉपी करायची राहिली तर पान उघडतं, पण सीएसएस गायब, बटणं मुकी आणि कन्सोलमध्ये ४०४ ची रांग.

खरा त्रास दुसऱ्या कंटेनरपासून सुरू होतो. आयएसआरची, म्हणजे आधी बनवून ठेवलेली आणि अधूनमधून पुन्हा बनणारी, पानं प्रत्येक कंटेनर आपापल्या मेमरीत आणि डिस्कवर ठेवतो. रीव्हॅलिडेटची (पान पुन्हा बनवायची) विनंती ज्याच्याकडे गेली, तेवढाच ताजा होतो. मग तेच पान रिफ्रेश केलं तर एकदा नवी किंमत दिसते, एकदा जुनी. यावर उपाय म्हणजे रेडिस या डेटाबेससारख्या सामायिक जागेत लिहिणारा कॅश हँडलर लावणं. सोबत मेमरी कॅशची मर्यादा, जी मुळात ५० एमबी असते, ती शून्य करायची. हे दुसरं हमखास विसरतं. सर्व्हर ॲक्शनची (पानावरून बोलावलेल्या, सर्व्हरवर चालणाऱ्या फंक्शनची) एन्क्रिप्शन किल्लीही दर बिल्डला बदलते, म्हणून एकच इमेज बनवून सगळीकडे तीच चालवा. वेगवेगळे बिल्ड असतील तर किल्ली एन्व्हायर्नमेंटमधून पक्की करा. पुढे एनजिनएक्स (विनंत्या ॲपकडे पाठवणारा सर्व्हर) असेल तर बफरिंग बंद करा, नाहीतर स्ट्रीमिंग, म्हणजे पान तुकड्यांनी पाठवणं, असूनही पान शेवटी एकदमच येतं.

स्वेल्टकिट आणि नक्स्ट ही अशीच दुसरी फ्रेमवर्क्स. स्वेल्टकिटमध्ये ॲडाप्टर आणि नक्स्टमध्ये नायट्रोचा प्रीसेट बदलला की बिल्ड दुसऱ्या होस्टसाठी तयार होतो. ही सोय त्यांच्या रचनेतच आहे, आणि या बाबतीत ती दोन्ही नेक्स्टपेक्षा उजवी आहेत. नेक्स्टला ॲमेझॉनच्या लॅम्डावर किंवा क्लाउडफ्लेअरवर न्यायला ओपननेक्स्ट हे साधन आहे, कामही चोख करतं. फक्त नेक्स्टची मोठी आवृत्ती घेण्याआधी ओपननेक्स्ट तिला चालतं का ते बघा.

फाइल स्टोरेजसाठी होस्टचं पॅकेज थेट कंपोनंटमध्ये इंपोर्ट करू नका. साठवणे, वाचणे, पुसणे अशी तीन फंक्शन्स एका फाइलीत ठेवा. उद्या ॲमेझॉनच्या एस३ स्टोरेजवर जायचं ठरलं तर कोडमध्ये तेवढीच फाइल बदलेल, आणि जुन्या फाइली हलवायचं काम वेगळं करता येईल.