एसक्यूएल सर्व्हरच्या बॅकअपला वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं का? वापरून झालेलं मत

पतसंस्था, पॅथॉलॉजी लॅब, औषधांचे होलसेलवाले अशांचे एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर) मी सांभाळतो, त्यामुळे हा प्रश्न मला कायम येतो. क्वेस्टचं लाइटस्पीड आणि रेडगेटचं एसक्यूएल बॅकअप ही बॅकअपची विकतची सॉफ्टवेअर्स दोन्ही वापरलीयत, फुकटचा मार्ग, म्हणजे सर्व्हरमधलीच बॅकअपची सोय, तर रोजचाच आहे. स्पष्टच सांगतो, एक-दोन सर्व्हर असतील तर विकत घेऊ नका.

ज्यासाठी ही सॉफ्टवेअर्स एवढी खपली ते कारणच आता फारसं उरलं नाहीये. 2008 च्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये बॅकअप कॉम्प्रेशन (फाइल दाबून लहान करणं) फक्त एन्टरप्राइज एडिशनला होतं, स्टँडर्डवाल्याची बॅकअप फाइल जवळपास डेटाएवढीच व्हायची, मग लोक नाइलाजाने बाहेरचं टूल घ्यायचे. 2008 आर2 मध्ये कॉम्प्रेशन स्टँडर्डला मिळालं, 2014 मध्ये एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय फाइल उघडणार नाही अशी सोय) आलं, 2022 मध्ये तर एस3 (ॲमेझॉनचं ऑनलाइन स्टोरेज) पद्धतीच्या स्टोरेजवर थेट बॅकअप टाकता येतो. वरून ओला हॅलेनग्रेन या डेटाबेसतज्ज्ञाच्या बॅकअप स्क्रिप्ट फुकट आहेत, एकदा चालवल्या की फुल (पूर्ण डेटाबेस), डिफरन्शियल (शेवटच्या फुलनंतरचे बदल), लॉग (व्यवहारांची नोंद) सगळे जॉब तयार, फक्त वेळा आपण लावायच्या, जुन्या फाइली किती तासांनी काढायच्या तेही त्यातच सांगता येतं. एक्सप्रेस एडिशनवाल्यांना मात्र एजंट (ठरल्या वेळी जॉब चालवणारा भाग) नसतो आणि कॉम्प्रेशनही नाही, त्यांनी विंडोजच्या टास्क शेड्यूलरमधून स्क्रिप्ट चालवायची आणि फाइल नंतर झिप करायची, काम होतं.

आता एक खरा प्रसंग. एका पतसंस्थेत दुपारी 3 वाजून 10 मिनिटांनी कोणीतरी व्हेअर (कुठल्या ओळी बदलायच्या ती अट) न लावता अपडेट मारला आणि सगळ्या खातेदारांचा व्याजदर एकच झाला. डेटाबेस फुल रिकव्हरी मॉडेलमध्ये (लॉगवरून हव्या त्या क्षणापर्यंत परत जाता येणारी पद्धत) होता, लॉग बॅकअप दर 15 मिनिटांनी होत होता, त्यामुळे आधी सगळं काम थांबवून एक शेवटचा लॉग बॅकअप घेतला, मग रात्रीचा फुल आणि त्यानंतरचे सगळे लॉग क्रमाने दुसऱ्या नावाच्या डेटाबेसवर चढवत नेले, 3 वाजून 9 मिनिटांवर थांबवले आणि तिथून ते एक टेबल उचलून आणलं. यात एक रुपयाचंही सॉफ्टवेअर लागलं नाही. पण एका टेबलासाठी पूर्ण डेटाबेस उभा करावा लागला, तेवढी मोकळी जागा डिस्कवर लागली आणि काउंटरवर लोक ताटकळले ते वेगळंच.

विकतच्या टूलची खरी किंमत इथे वसूल होते. लाइटस्पीडमध्ये बॅकअप फाइल उघडून त्यातलं एकच टेबल बाहेर काढता येतं, डेटाबेस 20 जीबीचा असेल तर त्याचं फार कौतुक वाटणार नाही पण 2 टीबीचा असेल तर ते एक फीचर लायसन्सचे पैसे फेडून टाकतं. दुसरं म्हणजे सर्व्हर खूप असतील आणि बघणारा माणूस एकच असेल, तर कुठल्या सर्व्हरचा बॅकअप काल राहिला ते एका स्क्रीनवर दिसणं ही मोठी सोय आहे. अशा ठिकाणी जरूर घ्या, मी स्वतः घ्यायला सांगतो.

टूल कुठलंही घ्या, एक भानगड हमखास होते. व्हर्च्युअल मशीनचा बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर आधीच चालू असतं आणि ते कॉपी-ओन्ली (तुमच्या डिफरन्शियलना धक्का न लावणारी वेगळी प्रत) न ठेवता स्वतःचा फुल बॅकअप मारतं, मग तुमचे डिफरन्शियल त्या फुलवर अवलंबून राहतात जो तुमच्या फोल्डरमध्ये नसतोच. रिस्टोर करायच्या दिवशीच हे कळतं.

आणि नुसतं टूल असून भागत नाही हो. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड ठेवणाऱ्या कंपनीत मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, बॅकअपच्या पाच पद्धती होत्या आणि एकही धड कामाची निघाली नाही, पीजीडम्प (त्यांच्या पोस्टग्रेस डेटाबेसचा बॅकअप घेणारा प्रोग्राम) जुन्या व्हर्जनचा असल्यामुळे फेल होत होता आणि फेल झाल्याचे मेल पोचतच नव्हते. शेवटी सुमारे सहा तास आधी घेतलेल्या एका स्नॅपशॉटवरून (डिस्कची त्या क्षणाची प्रत) सावरले, मधला डेटा गेला तो गेलाच.

म्हणून लायसन्सचे पैसे वाचतात त्यातून आधी दुसरी डिस्क घ्या आणि एक कॉपी ऑफिसच्या बाहेर ठेवा. रिस्टोर व्हेरिफायओन्ली या तपासणीच्या कमांडवर विसंबू नका, ते फाइल पूर्ण आहे आणि वाचता येते एवढंच सांगतं, आतला डेटा धड आहे का ते नाही. डीबीएटूल्स या पॉवरशेल कमांडच्या संचात टेस्ट-डीबीएलास्टबॅकअप ही कमांड आहे, तीही फुकट, ती शेवटचा बॅकअप दुसऱ्या नावाने रिस्टोर करते, चेकडीबी ही आतल्या डेटाची तपासणी चालवते आणि पुसून टाकते, महिन्यातून एकदा तरी चालवाच. एन्क्रिप्शन लावलं असेल तर सर्टिफिकेट आणि त्याची की सर्व्हरच्या बाहेर आजच काढून ठेवा, सर्व्हर गेला आणि सर्टिफिकेट त्याच्यासोबत गेलं तर त्या फाइली कोणालाच उघडता येणार नाहीत.