जिंजरब्रेड कुकी: मऊ, कुरकुरीत की घरासाठीची? आणि वर आयसिंग कोणतं?

नाताळसाठी जिंजरब्रेड करायला घेतलं की पहिला प्रश्न येतो, "रेसिपी कोणती?" त्याआधी दोन प्रश्न विचारून घ्या. कुकी किती दिवसांनी खाल्ली जाणार आहे? आणि तिच्यावर नक्षी किती करायची आहे? बारीक नक्षीचं आयसिंग वाळायला रात्रभर उघडं ठेवावं लागतं. तेवढ्या वेळात मऊ कुकीच्या कडा सुकून जातात, आणि हवा दमट असेल तर कुरकुरीत कुकी सादळते. म्हणून पीठ आणि आयसिंग वेगवेगळं निवडून चालत नाही, त्यांची जोडी जमवावी लागते.

आधी पिठाचं बघू. जिंजरब्रेडच्या नावाखाली तीन वेगळे पदार्थ येतात: मऊ कुकी, कुरकुरीत कुकी, आणि भिंती-छप्पर जोडून छोटं खायचं घर उभारायला लागणारी टणक कुकी. प्रमाण साधारण ४०० ग्रॅम मैद्याच्या आसपास ठेवलंय, म्हणजे शेजारी शेजारी ताडून बघता येईल. छोटा चमचा ५ मिलीचा, मोठा १५ मिलीचा.

| | मऊ, जाड | पातळ, कुरकुरीत | घरासाठी |
|---|---|---|---|
| मैदा | ४०० ग्रॅम | ४२० ग्रॅम | ४२० ग्रॅम |
| बटर | १६० ग्रॅम | १५० ग्रॅम | १०० ग्रॅम |
| ब्राऊन शुगर | १५० ग्रॅम | २०० ग्रॅम | १३० ग्रॅम |
| मोलॅसिस किंवा सिरप | २२० ग्रॅम | १०० ग्रॅम | २२० ग्रॅम |
| अंडं | १ | नाही | नाही |
| पाणी | नाही | १०० मिली | लागलं तर १–२ मोठे चमचे |
| फुगवायला | खायचा सोडा अर्धा आणि बेकिंग पावडर १ छोटा चमचा | खायचा सोडा दीड छोटा चमचा | काहीही नाही |
| फ्रिजमध्ये | ३ तास | रात्रभर | १ तास |
| जाडी | ६ मिमी | २ मिमी | ४–५ मिमी |
| ओव्हन | १७५ अंश, ९–११ मिनिटं | २०० अंश, ५–६ मिनिटं | १७५ अंश, १२–१५ मिनिटं |
| डब्यात टिकते | ५–६ दिवस | ३–४ आठवडे | आठवडेच्या आठवडे, पण दातांची परीक्षा |

मसाला तिन्हींना जवळपास सारखाच: सुंठपूड १ मोठा चमचा, दालचिनीपूड २ छोटे चमचे, लवंगपूड अर्धा छोटा चमचा, जायफळ पाव, मीठ अर्धा. नावात आलं असलं तरी घालायची ती सुंठ. ओल्या आल्याने पाणी वाढतं आणि चवीला लिंबासारखा तिखटपणा येतो, सुंठेची ऊब येत नाही. लवंग मात्र मोजूनच घाला. अर्ध्याचा एक चमचा झाला की जीभ बधिर होते आणि बाकी काही कळत नाही.

मऊ पिठात बटर, अंडं आणि फुगवणारं सगळंच भरपूर, त्यामुळे चव याचीच सर्वांत चांगली. पण साच्याचा आकार राखायला हेच सर्वांत वाईट. मैदा आणि अंडं सेट व्हायच्या आत बटर वितळतं, त्यात वायू सुटतो, आणि साच्याने कापलेल्या माणसाचं ट्रेवर फुगलेलं अस्वल होतं. यावर दोन उपाय आहेत. बटर आणि साखर केकसारखी पाच मिनिटं फेटायची नाही, एक मिनिट पुरे, कारण भरलेली हवा ओव्हनमध्ये फुगणारच. दुसरं, पीठ दोन बटर पेपरच्या मध्ये लाटायचं, साचा दाबायचा, आकार जागेवरच ठेवून आजूबाजूचं पीठ काढायचं, आणि पूर्ण कागद ट्रेसकट १५ मिनिटं फ्रीझरमध्ये. कापलेला आकार उलथन्याने उचलून दुसरीकडे ठेवायला गेलात तर हात आणि पाय हमखास ताणले जातात.

पातळ कुरकुरीत प्रकार स्वीडनच्या पेपरकाकोरच्या वळणाचा. यात बटर, साखर, सिरप आणि पाणी एकत्र गरम करून कोमट होऊ द्यायचं, मग मैदा. पीठ सुरुवातीला इतकं सैल दिसतं की प्रमाण चुकलं असंच वाटतं. इथेच बहुतेकांचं बिघडतं: आणखी शंभर ग्रॅम मैदा पडतो आणि कुकी कुरकुरीत व्हायच्या ऐवजी कडक होते. झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. बटर गोठतं, मैदा पाणी पिऊन घेतो, आणि सकाळी तोच गोळा लाटता येईल इतका घट्ट होतो. स्वीडनमध्ये या कुकीचा एक खेळ आहे: तळहातावर ठेवून बोटाने मध्ये दाबायची, तीन तुकडे झाले तर मनातली इच्छा पुरी होते. २ मिमी लाटलेली, नीट भाजलेली कुकीच अशी तुटते. जाड किंवा सादळलेली नुसती वाकते.

२ मिमी डोळ्यांच्या अंदाजाने लाटता येत नाही. लाटण्याच्या दोन्ही टोकांना लावायच्या जाडीच्या रिंगा मिळतात. त्या नसतील तर पिठाच्या दोन्ही बाजूंना एकाच जाडीच्या पट्ट्या ठेवून त्यांवर लाटणं फिरवा. एका टोकाला २ आणि दुसऱ्याला ४ मिमी झालं, तर त्याच ट्रेमध्ये अर्ध्या कुक्या करपतील आणि अर्ध्या कच्च्या राहतील.

घराचं पीठ म्हणजे मोहन कमी केलेलं, न फुगणारं पीठ. भिंतीच्या कडा सरळ राहाव्यात एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. तरीही भाजताना ते थोडं पसरतंच, म्हणून ट्रे बाहेर आल्या आल्या कागदी नमुना वर ठेवून धारदार सुरीने कडा पुन्हा कापायच्या. दोन-तीन मिनिटांत हे झालं नाही तर पीठ टणक होतं आणि सुरीने तडा जातो. भिंती रात्रभर जाळीवर सुकू द्या. ओलसर भिंतींवर छप्पर चढवलं की दुसऱ्या दिवशी घर गुडघे टेकतं.

इथे एक गैरसमज काढून टाकू. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचं लेबकुखन (जिंजरब्रेडचाच तिथला प्रकार) खाऊन तशीच कुकी करायची असेल, तर वरच्या तिन्हींपैकी एकही उपयोगी नाही. तिथल्या एलिझेन लेबकुखनमध्ये बदाम, हेझलनट, अक्रोड असा सुकामेवा किमान २५ टक्के लागतो आणि मैदा जास्तीत जास्त १० टक्के चालतो. ते मिश्रण पातळ वेफरवर थापून भाजतात. साच्याने कापण्यासारखं त्यात काही नसतंच.

गोडव्यासाठी मोलॅसिस, गोल्डन सिरप की मध? मोलॅसिस म्हणजे साखर करताना उरणारी दाट काळी मळी. तिचा रंग आणि किंचित कडवट खोली हीच जिंजरब्रेडची ओळख, म्हणून मऊ प्रकाराला तीच घ्या. ब्लॅकस्ट्रॅप लिहिलेली बाटली मात्र नको, ती फारच कडू. पातळ कुकीला गोल्डन सिरप चांगलं. मध चालतो, पण तो ओलावा धरून ठेवतो आणि लवकर लाल होतो. तेव्हा मधाची कुकी कुरकुरीत राहील अशी आशा धरू नका, आणि ओव्हन दहा अंशांनी कमी ठेवा.

भाजून झालं हे रंगावरून कळत नाही, कारण पीठ मुळातच तपकिरी असतं. मऊ कुकीच्या कडा घट्ट झाल्या आणि मध्यावर बोट टेकवल्यावर हलकासा ठसा उमटला की बाहेर काढा. गरम ट्रेवर ती आणखी शिजते, म्हणून "अजून दोन मिनिटं" हा मोह टाळा. पातळ कुकीला एक मिनिट जास्त झालं तर लवंग जळते आणि कडवट वास सुटतो. लहान तारे आणि मोठी माणसं एका ट्रेमध्ये कधीच भाजू नका.

आता आयसिंग. बारीक रेषा, ठिपके, जाळी, एकावर एक रचता येईल असा कडक थर हवा असेल तर रॉयल आयसिंगला पर्याय नाही. ४५० ग्रॅम चाळलेली आयसिंग शुगर, ३ मोठे चमचे मेरिंग पावडर, ८० ते ९० मिली कोमट पाणी, मंद वेगावर सात-आठ मिनिटं. जोरात फेटलं तर त्यात फार हवा भरते. मग ते वाळल्यावर सच्छिद्र होतं आणि बोट लागताच चुरतं. ताज्या अंड्याचं करायचं तर एका पांढऱ्याला (सुमारे ३० ग्रॅम) १७० ग्रॅम साखर. पण हे अंडं कच्चंच राहतं, त्यामुळे लहान मुलं, गरोदर बायका आणि वृद्ध खाणार असतील तर पाश्चराइज केलेला पांढरा किंवा मेरिंग पावडरच घ्या. अंडं नकोच असेल तर मेरिंग पावडरही चालणार नाही, ती वाळवलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचीच असते. तिच्या जागी उकडलेल्या काबुली चण्यांचं दाट पाणी फेटून वापरतात, एका पांढऱ्याच्या जागी साधारण २ मोठे चमचे. भांड्याला तेलाचा अंश जरी राहिला तरी दोन्हींचा फेस बसतो.

रॉयल आयसिंगची सगळी मेख पाण्यात आहे. सुरीने आयसिंगमध्ये रेघ ओढा आणि ती मिटायला किती सेकंद लागतात ते मोजा. १० ते १२ सेकंदांत मिटली तर ते आतला भाग भरायला योग्य. १८ ते २० लागली तर त्याच आयसिंगने कडही काढता येते आणि भरताही येतं. नवशिक्यांनी हेच एक करून ठेवावं, दोन वाट्यांचा पसारा नको. नाजूक रेषांसाठी टोक उभं राहून किंचित वाकेल इतकं घट्ट. पाणी अर्ध्या छोट्या चमच्याच्या वर एकदम घालू नका. रंग जेलचा, पातळ रंगाने आयसिंग सैल होतं. गडद लाल आणि काळा काही तास आधी मिसळून ठेवा. रंग आपोआप गडद होत जातो, त्यामुळे कमी जेल लागतं आणि कडवटपणा येत नाही.

बिघाड ठरलेले असतात. डोळे, बटणं अशा छोट्या जागा भरल्या की वाळताना मध्ये खड्डा पडतो. तिथे आयसिंग जरा घट्ट घ्या आणि लगेच पंख्याखाली ठेवा, पृष्ठभाग लवकर धरतो आणि चकाकीही चांगली येते. लाल रंग पांढऱ्यात पाझरला तर पहिला थर पुरता वाळला नव्हता, किंवा आयसिंगच फार पातळ होतं. पांढऱ्यावर तेलकट पिवळे डाग आले तर ते कुकीतलं बटर वर आलंय. मऊ कुकीवर हे जास्त होतं. कुक्या रात्रभर कोरड्या कागदावर ठेवून मग सजवल्या तर कमी होतं, पण तेव्हा मऊपणाही थोडा जातो.

साधं ग्लेझ या कटकटीतून सोडवतं. २५० ग्रॅम आयसिंग शुगर, २ ते ३ मोठे चमचे दूध, १ मोठा चमचा कॉर्न सिरप. कुकी उलटी धरून बुडवायची, जादाचं झटकायचं, ओल्यावरच स्प्रिंकल्स टाकायचे. तासा-दोन तासांत वर पातळ पापुद्रा येतो, आत मऊ राहतं आणि चावताना छान लागतं. बारीक नक्षी मात्र यात जमत नाही, रेषा पसरतात. ग्लेझ लावलेल्या कुक्या एकावर एक रचल्या तर चिकटतात.

फॉन्डंट म्हणजे पिठासारखा लाटता येणारा साखरेचा मऊ गोळा. त्याच्याबद्दल मत सरळ सांगायचं तर तो फोटोत दिसतो तितका तोंडात लागत नाही. २ मिमी लाटून त्याच साच्याने कापायचा, पाण्याच्या किंवा सिरपच्या पुसट बोटाने चिकटवायचा, झालं. वाळवायची वाट बघायला नको, मुलांच्या हाती द्यायला सोपा. फ्रिजमध्ये ठेवला की बाहेर काढल्यावर पाणी सुटून चिकचिकीत होतो. चॉकलेट पातळ कुकीच्या अर्ध्या भागाला उत्तम, फक्त डार्क चॉकलेट टेम्पर करून (म्हणजे वितळवून, ढवळत ठरावीक तापमानांना आणून) ३१ ते ३२ अंशांवर वापरा, नाहीतर एक-दोन दिवसांत राखाडी चट्टे येतात.

जोड्या अशा. एका संध्याकाळी करून दोन दिवसांत संपवायच्या असतील तर मऊ पीठ आणि ग्लेझ. डबे भरून भेट द्यायच्या, नावं लिहायची, झाडाला टांगायच्या असतील तर पातळ पीठ आणि रॉयल आयसिंग. यासाठी दोन रात्री राखून ठेवा, एक पिठाला आणि एक आयसिंग वाळायला. सजावट दाट हवी असेल तर पातळ कुकी ३ मिमीपर्यंत लाटा, ओल्या आयसिंगच्या वजनाने ती वाकत नाही. मऊ कुकीवरच नक्षी हवी असा हट्ट असेल तर पूर्ण भरू नका, नुसती कड आणि ठिपके काढा. ते तास-दीड तासात हाताला वाळतात आणि कुकी डब्यात परत जाऊ शकते. घर हवं असेल तर रॉयल आयसिंग घट्ट, टूथपेस्टइतकं. आधी चार भिंती, मग किमान दोन-तीन तास थांबून छप्पर.

टांगायच्या कुकीला भोक भाजण्याआधी, काठापासून १ सेंमी आत, स्ट्रॉने पाडा. ओव्हनमध्ये ते आक्रसतं, बाहेर काढल्या काढल्या त्याच जागी स्ट्रॉ पुन्हा फिरवायला विसरू नका. मऊ आणि कुरकुरीत कुक्या एका डब्यात ठेवू नका, मऊचा ओलावा कुरकुरीत कुकी ओढून घेते आणि दोन्ही वाया जातात. आधीच तयारी करायची असेल तर न सजवलेल्या कुक्या किंवा पिठाची चपटी चकती फ्रीझ करा. चकती तीन महिने राहते. आयसिंग केलेल्या कुक्या फ्रीझरमधून काढल्या की वर दव साचतं आणि रंगांचे ओघळ येतात. तसंच फ्रीझ करणं भाग असेल तर बाहेर काढल्यावर डबा उघडू नका, तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत चार-पाच तास बंदच राहू द्या.